ज्ञानगंगेच्या रानातील वाटाडे

‘जालना सोने का पालना’ ही म्हण परगावच्या पाहुण्यास ऐकविल्याखेरीज आमच्या गावच्या माणसास चैन पडत नाही. पूर्वी ती कापसाच्या पेठेमुळे खरी होती. आज लोखंडी सळयांचे कारखाने, बियाण्यांचा व्यापार आणि मोसंबीच्या बागा यांमुळे ती खरी आहे असे म्हणतात. पाहुणा दोन दिवस राहणार असेल, तर त्यास दाखविण्याच्या स्थळांची यादीही ठरलेली असते: समर्थांचे जांब, अंबडची मत्स्योदरी, राजूरचा गणपती. या यादीत अरण्याचे नाव कोणी घातलेले आम्ही कधी ऐकले नाही, आणि ते योग्यच आहे. कुंडलिकेच्या काठापासून गोदावरीपर्यंत आमचा जिल्हा म्हणजे काळ्या जमिनीचा, शेतांचा व बाभळींचा मुलूख. रान म्हणावे असे रान त्यात थोडकेच.

तथापि जालन्याहून उत्तरेची वाट धरिली, तर तीन तासांच्या आत आपण अशा ठिकाणी पोहोचतो की, जेथे उन्हाळ्याच्या रात्री पाणवठ्यावर अस्वल आपल्या पिलांसह पाणी पिण्यास येते. हे ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य. आम्ही जन्म जालन्यात काढला, देऊळगाव राजाच्या बालाजीस अनेक वेळा गेलो, सिंदखेडच्या जिजाऊंच्या वाड्यापुढे मुलांना उभे केले. परंतु त्याच रस्त्याने आणखी दोन तास पुढे जाण्याचा योग गेल्या वैशाखात प्रथम आला. तो आणिला आमच्या पुतणीने. ती महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना एखाद्या गोष्टीस कबूल करून घेण्याची जी कला एकत्र कुटुंबातील मुलींना उपजत असते, ती तिच्या अंगी पुरेपूर आहे.

देऊळगावच्या अलीकडेच जुनी सरहद्द लागे. 1948 पर्यंत या वाटेने जाणारा मनुष्य मोगलाईतून वऱ्हाडात शिरत असे. आता सरहद्दीची काहीच खूण उरलेली नाही. फक्त बोलण्याची ढब हळूहळू बदलत जाते, आणि चिखली मागे पडेपर्यंत ‘जी’ हा शब्द वाक्यावाक्यास कानी येऊ लागतो. बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसलेले आहे. ‘भिल ठाणा’ या नावाचा अपभ्रंश होऊन बुलढाणा झाले असे म्हणतात. हवा उन्हाळ्यातही जालन्यापेक्षा सुसह्य. येथून खामगावकडे जाणारा बोथ्याचा रस्ता डोंगराच्या घड्यांतून पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरू लागतो, आणि या घड्यांतच 1997 साली घोषित झालेले, सुमारे 205 चौरस किलोमीटर विस्ताराचे हे अभयारण्य आहे. साग, सालई, धावडा, अंजन, टेंभुर्णी, पळस अशी पानझडी झाडी. वैशाखात बहुतेक झाडे निष्पर्ण झालेली असतात आणि डोंगर भाजलेल्या भाकरीसारखे दिसतात. ज्यांना अरण्य म्हणजे हिरवी गर्द छाया असेच चित्र ठाऊक आहे, त्यांचा पहिल्या तासात विरस होईल, हे आधीच सांगितलेले बरे. 2019 साली टिपेश्वरच्या अरण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात संदेश देणारा पट्टा वागवीत, तेराशे किलोमीटरांच्या वर भटकंती करून याच ज्ञानगंगेत येऊन राहिला, तेव्हा या रानाचे नाव वर्तमानपत्रांतून देशभर झाले. पण वाघ हा येथला पाहुणा. येथला मूळचा घरधनी अस्वल होय.

आमच्या पिढीस अस्वल दोन ठिकाणी भेटले. एक दरवेश्याच्या दोरीस बांधलेले. दुपारच्या वेळी डमरू वाजला की गल्लीतील सारी मुले धावत. दरवेशी अस्वलास नाचवी, भित्र्या मुलास त्याच्या पाठीवर बसवी, आणि आया आपल्या मुलांच्या ताइतासाठी अस्वलाचे चार केस विकत घेत. त्या प्राण्याच्या नाकातून दोरी ओवलेली असे आणि त्याचे दात पाडलेले असत, याकडे आमचे त्या वयात लक्ष गेले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ निषिद्ध केला. तरी तो सर्वस्वी बंद पडण्यास 2009 साल उजाडावे लागले. आमच्या पुतणीच्या पिढीने तो पाहिलेलाच नाही.

दुसरे अस्वल पुराणातले. भाद्रपद चतुर्थीस चुकून चंद्र दिसला की, स्यमंतक मण्याची कथा ऐकण्याचा प्रघात अजून पुष्कळ घरांत आहे. कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु या प्रवासात तिचा एक भाग आम्हांस नव्याने आठवला. प्रसेन नाहीसा झाला व मण्याचा आळ श्रीकृष्णावर आला, तेव्हा श्रीकृष्णाने काय केले? चार माणसे बरोबर घेऊन तो प्रसेनाच्या वाटेने निघाला. प्रथम घोडा व स्वार मरून पडलेले दिसले. तेथील खुणांवरून हे सिंहाचे काम असे ठरले. पुढे डोंगरावर सिंह मेलेला दिसला. तेथील खुणांवरून हे अस्वलाचे काम असे ठरले. मग गुहेच्या तोंडाशी बरोबरच्या लोकांना थांबवून तो एकटाच आत गेला. माग काढणे, खुणांचा अर्थ लावणे, आणि नागरिकांना कोठपर्यंत न्यावयाचे व कोठे थांबवावयाचे हे ठरविणे, अशी ही तीन कामे. ज्ञानगंगेतील आमच्या वाटाड्यांचे कामही नेमके हेच तीन होते.

या अरण्यात वाटाड्याशिवाय प्रवाशांची गाडी आत सोडीत नाहीत. वनखात्याच्या पावतीवर त्यांस ‘गाईड’ म्हटलेले असते. आम्ही आपला जुना शब्द वापरतो. हे सारे अरण्याच्या काठावरील खेड्यांतले लोक आहेत. आमच्या वाट्यास आलेले गृहस्थ चाळिशीच्या पुढचे, अंगाने काटक, गळ्यात दुर्बीण. लहानपणी याच डोंगरांत त्यांनी गुरे राखिली. पुढे वनखात्याने काठच्या तरुणांना शिकविण्याचे वर्ग भरविले, त्यांत पक्ष्यांची नावे व प्रवाशांशी बोलण्याची रीत ते शिकले. “नावं वर्गात शिकलो, जी. जनावर आधीपासून ठाऊक होतं,” असे ते म्हणाले. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण पुढे त्यांच्या घरची काही हकीकत यावयाची आहे.

पहिल्या दिवशी दुपारी घरातील सर्व मंडळी उघड्या गाडीतून निघाली. अस्वल दिसले नाही. मुले हिरमुसली, परंतु आम्हांस स्वतःस तो फेरा दुसऱ्या दिवसाइतकाच मोलाचा वाटला. वाटाड्यांनी गाडी पहिल्यांदा थांबविली ती एका वारुळापाशी. वारुळाचा अर्धा भाग जणू कोणी टिकावाने फोडला होता. अस्वलाच्या पुढच्या पायांची नखे तीन-साडेतीन इंच लांब व आकड्यासारखी वाकलेली असतात; त्यांनी ते सिमेंटासारखी कठीण माती उकरते, मग त्या भोकास तोंड लावून आधी फुंकर मारून धूळ उडविते आणि नंतर वाळवी ओढून घेते. या ओढण्यासाठी त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात निसर्गाने मुळी दिलेलेच नाहीत, आणि मुंग्या नाकात शिरू नयेत म्हणून नाकपुड्या मिटून घेण्याची सोय दिली आहे. ही माहिती आमच्या पुतणीने पुरविली. तिनेच सांगितले की, 1791 मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ही नखे व हा दातांचा अभाव पाहून या प्राण्यास अमेरिकेतील झाडास लोंबकळणाऱ्या ‘स्लॉथ’ या आळशी प्राण्याचा भाऊबंद ठरविले. पुढे ते अस्वल असल्याचे ध्यानी आले, पण इंग्रजी नावातला आळस मात्र त्यास कायमचा चिकटला. वाटाड्यांनी हे लक्षपूर्वक ऐकिले आणि विचारले, “ताई, त्या साहेबांनी त्याला पळताना पाहिलं नसंल?”

पुढे नाल्याच्या ओल्या वाळूत पाऊल उमटलेले होते. मागचे पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखे दिसते, आणि भोळ्या प्रवाशास वाटते की येथून कोणी गुराखी गेला. वाटाड्यांनी बोट न लावता दाखविले: पाचही बोटे जवळजवळ एका ओळीत, आणि त्यांच्यापुढे नखांची टोके. पाऊल कोणत्या वेळचे? त्याच्या कडेवर मुंग्यांनी काढलेली बारीक माती होती, म्हणजे रात्रीचे. पहाटेचे असते तर कड कोरी राहिली असती. जवळच विष्ठा होती व तीत टेंभुर्णीच्या बिया चमकत होत्या. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले, वैशाखात टेंभुर्णी, मृगानंतर जांभूळ, हिवाळ्यात बोरे, आणि वारूळ बारा महिने, असा हा आहार ते क्रमवार सांगत गेले. या बिया अस्वलाच्या पोटातून जाऊन दूरदूर रुजतात. आमच्या वहिनी हे सर्व पदर नाकास लावून, परंतु मोठ्या कुतूहलाने ऐकत होत्या. घरी आल्यावर हीच माहिती त्यांनी हळदीकुंकवास आलेल्या बायकांना आमच्याहून चांगली सांगितली.

परतताना एका वळणावर दुसऱ्या एका गाडीची गाठ पडली. तीत शहरातील चार तरुण होते. पलीकडच्या कड्यात गुहा आहे व तीत मादी राहते असे त्यांना कोठून तरी कळले होते, आणि गुहेच्या तोंडापर्यंत पायी नेण्याविषयी त्यांचा आपल्या वाटाड्याकडे आग्रह चालला होता. तो वाटाड्या पोरसवदा होता. नोटा पुढे केल्या गेल्या, मग वरिष्ठांकडे तक्रार करण्याची भाषा झाली. आमचे वाटाडे खाली उतरून तिकडे गेले, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले व काही बोलले. गाडी वळली. काय बोलणे झाले असे आम्ही विचारता ते म्हणाले, “काही नाही. म्हटलं, गुहेला एकच दार असतं.”

एवढ्याने आमच्या मुलांचे समाधान झाले नाही, तेव्हा त्यांनी उलगडून सांगितले. अस्वलाचे नाक अत्यंत तिखट, पण डोळे मंद. शिवाय वारूळ ओढताना ते इतके गुंग असते व स्वतःचाच एवढा आवाज करीत असते की, माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास कळत नाही. कळते तेव्हा ते दचकते, आणि दचकले की ते पळण्याऐवजी पुष्कळदा अंगावर येते. शास्त्रज्ञ याचे कारण असे देतात की, ज्या रानात वाघ होता त्या रानात या जातीचे सारे आयुष्य गेले; वाघापुढे पळून निभाव लागत नाही, उभे राहून ओरडण्यानेच लागतो. ते मांसासाठी माणसास मारीत नाही. पण त्याचा पहिला पंजा तोंडावर पडतो.

ही गोष्ट आमच्या वाटाड्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. त्यांच्या चुलत्यांचा डावा डोळा व गालाचा काही भाग अस्वलाने नेलेला आहे. शेतीची वीज पुष्कळ वर्षे रात्रीच्याच पाळीत मिळत आली. हरभऱ्यास पाणी देण्यासाठी ते मध्यरात्रीनंतर एकटे निघाले, आणि विहिरीवरची मोटार चालू करून बांधाने परत फिरले. मोटारीच्या आवाजात अस्वलास त्यांची चाहूल लागली नाही व त्यांस अस्वलाची. शासनाकडून भरपाई मिळाली. पुढे पुतण्या अरण्यात वाटाड्या झाला, तेव्हा चुलत्यांनी वर्षभर त्याच्याशी बोलणे टाकले होते. “ज्यानं माझा डोळा नेला, त्याला लोकांस दाखवून तू पोट भरतोस,” एवढेच ते एकदा म्हणाले. वाटाड्यांनी त्यांस उत्तर दिले नाही. आम्हांस मात्र ते म्हणाले, “मी काय सांगणार? ते खरंच बोलत होते. पण काका, डोळा गेल्यावरही अस्वल शिवारात येतच होतं. येणार ते येणारच. मग ते कुठून येतं, कधी येतं, हे ठाऊक असलेला एक माणूस गावात असावा, असं मला वाटलं.”

वाचकांस वाटेल की, अस्वल दाखविण्याचा हा व्यवसाय आपल्याकडेच नवलाचा आहे. तसे नाही. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात मॅकनील नदीवर 1967 साली अस्वलांसाठी एक अभयारण्य राखिले गेले. तेथे नदीच्या धबधब्यावर सामन मासे धरण्यास तपकिरी अस्वले एका वेळी डझनांनी जमतात. 1973 पासून तेथे सोडत काढून दिवसास फक्त दहा माणसांना नेण्याची पद्धत आहे. बरोबर वाटाडे असतात, बसण्याची जागा व येण्याजाण्याची वाट रोज तीच, आणि खाण्याचा कणही उघड्यावर राहू देत नाहीत. माणसांपासून लाभही नाही व भयही नाही, असे तेथील अस्वलांना ठरून गेल्यामुळे ती प्रवाशांच्या अगदी जवळून निघून जातात. हा मार्ग आपल्याकडे चालणार नाही, हे उघड आहे. त्यांचे अस्वल माशांनी तृप्त व माणसाच्या वस्तीपासून दूर. आपले अस्वल वाळवीवर पोट भरणारे, आणि त्याच्या रानाच्या चारी बाजूंस शेते. येथे अस्वलास माणसाचे भय वाटेनासे झाले, तर पहिली किंमत पाणी देण्यास गेलेला शेतकरी देईल. हंपीस जाणाऱ्या पुष्कळ मंडळींनी तेथून जवळचे दरोजी येथील अस्वलांचे अभयारण्य पाहिले असेल. ते 1994 मध्ये झाले. तेथे खडकांवर गूळ-मध लावून ठेवावयाचा, म्हणजे दुपार कलताच अस्वले येतात व मनोऱ्यावरील प्रवाशांस ती दिसतात, अशी पद्धत पुष्कळ वर्षे होती. प्रवाशांची सोय झाली हे खरे. परंतु दरवेश्याच्या हातातील गुळाच्या खड्याची आम्हांस त्यावरून आठवण होते, आणि ज्ञानगंगेत तसे काही करीत नाहीत याचा संतोष वाटतो.

दुसरा दिवस वैशाखी पौर्णिमेचा. या रात्री महाराष्ट्रातील बहुतेक अभयारण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून येणाऱ्या जनावरांची नोंद करण्याचा परिपाठ आहे. पूर्वी यावरून जनावरांची मोजदाद करीत. आता शास्त्रीय अंदाज झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांवरून बांधतात, आणि ही रात्र ‘निसर्गानुभव’ या नावाने सामान्य माणसांसाठी राखिलेली असते. जागा थोड्या व आधी नोंदवाव्या लागतात. आमच्या घरातून तिघेच गेलो: आम्ही, आमच्या वहिनी आणि पुतणी.

निघण्यापूर्वी वाटाड्यांनी झडती घ्यावी तशी तपासणी केली. पुतणीचा पिवळा दुपट्टा गेला, त्याच्या जागी मातकट शाल आली. डब्यातील दशम्या चालतील म्हणाले. पिकलेल्या आंब्यांची परडी मात्र गावात ठेविली. वहिनींनी वैशाखातला मोगरा केसांत माळला होता. ते बराच वेळ संकोचले, आणि शेवटी आमच्याकडे पाहून हळूच म्हणाले, “काका, वहिनीसाहेबांना सांगा, अस्वलाला गजरा गावाच्या वेशीपासून कळतो.” गजरा वाटेतील मारुतीस वाहिला गेला.

चार वाजता आम्ही मचाणावर चढलो. खाली तीस-पस्तीस हातांवर दगडांनी बांधलेला पाणवठा. वाटाड्यांच्या खिशात राखेची एक पुरचुंडी होती. दर अर्ध्या तासाने तिच्यातील चिमूटभर राख ते हवेत सोडीत व ती कोणीकडे जाते हे पाहत. दिवस मावळता मावळता मोर आले, मग पाचसहा नीलगायी. चंद्र वर आला, निष्पर्ण झाडांच्या सावल्यांची जाळी जमिनीवर पसरली, आणि रातवा पक्षी एकसुरी ठोके देऊ लागला. आठच्या सुमारास रानडुकरांचा कळप चिखल करून गेला. पुढे तीन तास काहीच नाही. निजेने डोळे जड झाले असता वाटाड्यांनी आमच्या मनगटास बोट लावले. त्यांनी ते पाहिले नव्हते, ऐकिले होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी नाल्याच्या झाडीतून एक काळा आकार बाहेर आला. पाठीवर काहीतरी ओझे होते. चांदण्यात ओझ्यास दोन डोकी फुटली, तेव्हा वहिनींच्या तोंडून श्वासाखेरीज काही बाहेर पडले नाही, पण त्यांनी पुतणीचा हात घट्ट धरिला. पौष-माघात जन्मलेली पिले या दिवसांत आईच्या पाठीवरील लांब केस धरून बसतात. मादी पाण्याशी वाकली. एक पिलू घसरून चिखलात पडले, दुसरे वरच राहिले. पाणी पिऊन झाल्यावर ती पळसाखालच्या वारुळाकडे वळली, आणि लोहाराच्या भात्यासारखा आवाज सुरू झाला: आधी फुंकर, मग ओढ, पुन्हा फुंकर. तो आवाज शे-दीडशे पावलांवर सहज ऐकू जाईल. खाली पडलेले पिलू आईच्या पायांत घुसून आयत्या वाळवीवर हात मारीत होते.

इतक्यात दूरच्या कोठल्याशा मचाणावर कोणी विजेरी लावली. प्रकाशाचा एक पट्टा झाडांवरून फिरून गेला. मादी मागच्या पायांवर उभी राहिली. पिले क्षणात पाठीवर चढली, आणि ती प्रकाशाच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे नेमकी आमच्याकडे, दुडक्या चालीने निघाली. वारा तिच्याकडून आमच्याकडे होता. तिला आमचा वास नव्हता. हे अस्वल झाडावर उत्तम चढते, हे आदल्याच दिवशी सालईच्या खोडावरील नखांचे ओरखडे दाखवून आम्हांस सांगण्यात आले होते. पुतणीने श्वास रोखला. आमची अपेक्षा अशी की, वाटाडे आता आम्हांस अगदी स्तब्ध राहण्याची खूण करतील. त्याऐवजी ती पंधरा-सोळा हातांवर असता ते स्वतः बोलले. ओरडले नाहीत, टाळी वाजविली नाही, घरात कोणाशी बोलावे तशा आवाजात म्हणाले, “जा बाई, जा. इकडं आम्ही आहोत.”

ती थबकली. नाक वर करून डोके दोन्ही बाजूंस हलविले, घशातून एक हुंकार काढिला, आणि वळून नाल्याकडे निघून गेली. पिलांचे दोन ठिपके तिच्या पाठीवर हिंदकळत राहिले, तेही झाडीत दिसेनासे झाले. सर्व मिळून सात-आठ मिनिटांचा हा प्रकार. पुतणीच्या भ्रमणध्वनीत एकही छायाचित्र नाही, आणि तिने ते काढण्याचा प्रयत्नही केला नव्हता.

आपण बोललात का, असे आम्ही बऱ्याच वेळाने विचारिले. ते म्हणाले, “पंधरा हातांवर कळलं तर तिला विचार करायला जागा असते. पाच हातांवर कळलं असतं तर नसती.” आणि थोडे थांबून, “चुलत्यांना त्या रात्री खोकला आला असता, तर डोळा राहिला असता.” आम्हांस वाटले, गप्प बसावे कोठे आणि आपण होऊन चाहूल द्यावी कोठे, हे ज्यास त्या क्षणी कळते तोच खरा वाटाड्या, आणि असा मनुष्य बरोबर नसताना अस्वल पाहण्याची हौस कोणी करू नये.

उरलेल्या रात्रीत एक साळिंदर आले. पहाटे वारा फिरला, होल्यांचे घुमणे सुरू झाले, आणि सहा वाजता वनरक्षक आम्हांस उतरविण्यास आला. आमच्या पुतणीस या रात्रीत एक नवे काम मिळाले आहे. या चुलत्यांनी आता पुतण्याशी बोलणे पुन्हा सुरू केले असून, रात्री पाण्याच्या पाळीस गेले असता अस्वल कोणत्या बांधावर, किती वाजता दिसले, ते सकाळी सांगण्याचा क्रम त्यांनी आपण होऊन धरिला आहे. वाटाडे ते एका शाळकरी वहीत लिहून ठेवतात. अशा तीन वह्या भरल्या आहेत. त्यांची महिन्यांच्या क्रमाने नीट नक्कल करून देण्याचे तिने कबूल केले. कोणत्या महिन्यात कोणत्या शिवारात जाताना सोबत घ्यावी, एवढे जरी त्यावरून गावास सांगता आले तरी पुरे, असे वाटाड्यांचे म्हणणे.

ज्या वाचकांस जावयाचे असेल त्यांनी पावसाळ्याचे महिने टाळावे, कारण त्या काळात प्रवेश बंद असतो. टेंभुर्णी पिकण्याचा व पाणी आटण्याचा उन्हाळा हाच अस्वल दिसण्याचा काळ. मुक्कामास बुलढाणा सोयीचे आहे. लहान मुलांना रात्रीच्या मचाणावर नेण्याचा विचार करू नये. दुपारच्या फेऱ्यात त्यांस खुणा पाहावयास मिळतात, त्या पुष्कळ आहेत.

बोथ्याच्या नाक्यावर नोंदवही उघडली गेली. वाटाड्यांनी आमच्या मचाणाच्या नावापुढे लिहिले: नीलगाय 6, रानडुक्कर 11, साळिंदर 1, अस्वल मादी 1, पिले 2. आम्ही चहास थांबण्याचा आग्रह केला, पण ते थांबले नाहीत. रात्री भुईमुगास पाणी देण्याची त्यांची पाळी होती, ती चुलत्यांनी काढिली होती, आणि म्हातारा माणूस अजून घरी पोहोचला की नाही हे त्यांस पाहावयाचे होते. नाक्याच्या भिंतीस टेकविलेली आपली काठी त्यांनी उचलली. तिच्या टोकास घुंगरू बांधलेले होते. शेतांच्या बांधाने ते बरेच दूर जाईपर्यंत त्याचा आवाज येत होता.